लेकुरवाळी अळी

गुणाबाई चिरनेरहून लग्न होऊन पनवेलला आली, तेव्हा तिच्याबरोबर दोन लुगडी, एक पितळी तांब्या आणि ओल्या फडक्यात बांधलेले अळवाचे सात कांदे आले. सासूबाईंनी लुगडी उलगडून पाहिली, तांब्या टिचकीने वाजवून पाहिला, आणि फडक्याची गाठ सोडल्यावर विचारलं, "हे काय गं? माहेरची माती?"

"अळू हाय, आत्याबाय. काळ्या देठाचं. आमच्या परसातलं. वडीला लई चांगलं."

"पनवेलला अळू मिळत नाही असं सांगितलंय का कोणी तुझ्या आईला?"

दुसऱ्या दिवशी न्हाणीच्या मोरीचं पाणी मागच्या अंगणात जिथे मुरत होतं, तिथे गुणाबाईने ते सात कांदे पुरले. ही गोष्ट चव्वेचाळीस सालची. पुढल्या आषाढापर्यंत तिथे हत्तीच्या कानाएवढी पानं डोलायला लागली आणि सासूबाईंनी शेजारणीला बोलावून सांगितलं, "आमच्याकडचं अळू बघितलंस का?" तेव्हापासून ते अळू घराचं झालं. गुणाबाईला घराची व्हायला आणखी दोन वर्षं आणि एक मुलगा लागला.

घर सुताराचं होतं. गुणाबाईचा नवरा काशीराम बैलगाडीची चाकं करायचा. त्या काळी उरणपासून कर्जतपर्यंत कुठेही गाडी कुरकुरली, की गाडीवान म्हणायचा, "चल पनवेलला." काशीरामची खासियत अशी, की लाकडाच्या ओंडक्यावर बोटाच्या पेराने दोनदा टकटक करून तो आत किडा आहे की नाही ते सांगायचा. गुणाबाईला पहिल्यांदा वाटलं, नवरा लाकडाशी बोलतोय. मग तिच्या लक्षात आलं, की लाकडाशी तो बायकोपेक्षा जास्त बोलतो, आणि तिने ते मनाला लावून घ्यायचं सोडून दिलं.

गुणाबाई शिकली होती मराठी चौथी. घरातल्या सगळ्या कहाण्या तीच वाचून दाखवायची. देवाचं तिला वेड नव्हतं, पण भरवसा होता. दिवा लावला की ती दोन शब्द बोलायची, तेही शेजारणीशी बोलावं तसे. मागायची थोडं आणि आभार मानायला विसरायची नाही.

त्रेपन्न सालच्या आषाढात काशीरामने मागच्या अंगणात चार खुंट्या ठोकल्या आणि त्यांना दोरी बांधली. दोरीच्या आत अख्खं अळू आलं.

"अवो, ह्ये काय?"

"धाव तापवायला जागा नाही पुढे." धाव म्हणजे चाकावर चढवायची लोखंडी पट्टी. ती गोल विस्तवात लालभडक करावी लागते. "रस्त्यावर भट्टी लावली तर म्युन्सिपालटीचा माणूस ओरडतो. इथे भट्टी, तिकडे लाकडाची चळत. अळू काय, बाजारात ढीगभर मिळतं."

"ह्ये मिळत नाय."

"गेल्या वर्षी गौरीच्या जेवणाला कुठलं आणलं होतं?"

गेल्या वर्षी श्रावणात अळवावर अळ्या पडल्या होत्या. बोटाएवढ्या जाड, हिरव्यागार, शेपटीला काटा असलेल्या. एका आठवड्यात पानांचे नुसते देठ उरले, आणि गौरीच्या नैवेद्याला बाजारातून अळू आणावं लागलं. ते इतकं खाजरं निघालं की अख्खी पंगत घसा खाकरत बसली. ती लाज अजून ओली होती.

दाराशी बसलेल्या सासूबाईंनी निवाडा केला. "काशा, फावडं ठेव खाली. यंदा गौरीच्या जेवणाला वडी आणि फतफतं, दोन्ही याच अळवाचं. पंगतीला पुरलं तर अळू राहील. कमी पडलं, तर गौरी गेल्यावर तुझी भट्टी."

"चाळीस पानं उठतात, आई."

"मला मोजता येतं."

काशीरामने फावडं ठेवलं, पण खुंट्या काढल्या नाहीत. गुणाबाई रोज पाणी घालताना ती दोरी ओलांडून जायची, आणि दर वेळी पायाला लागल्यासारखी ती तिच्या मनाला लागायची. माहेरचं परस आता राहिलं नव्हतं. आईबाप गेले, भावाने ती जागा घेऊन पडवी वाढवली. चिरनेरचं म्हणून जे काही होतं, ते या दोरीच्या आत होतं.

आणि श्रावण लागता लागता अळ्या आल्या.

गुणाबाईने यंदा कंबर कसली. रोज सकाळी डालड्याचा रिकामा डबा घेऊन ती अळवात शिरायची, पानं उलटी करून अळ्या वेचायची आणि डबा कुंपणापलीकडे हाजराकडे द्यायची. हाजरा मागल्या घरची. तिचा नवरा बोटीवर खलाशी, वर्षातून दीड महिना घरी. बाकीचं वर्ष तिने कोंबड्यांच्या संगतीत काढलेलं.

"गुणाबाय, माझ्या कोंबड्या तुझ्या अळवावर माजल्या गं," हाजरा म्हणायची. "परवा एक अंडं दिलं, बघते तर हिरवं!"

"खोटं बोलतेस, हाजराबी."

"श्रावणात तू खाणार नाहीस ना, मग तुला खरं काय नि खोटं काय!"

श्रावणातला पहिला शुक्रवार उजाडला. देवघराच्या भिंतीवर जिवतीचा कागद लावला होता. जिवतीच्या मांडीवर, खांद्यावर, पायाशी पोरंच पोरं. गुणाबाईने आघाडा-दुर्वांची माळ घातली, कापसाचं वस्त्र वाहिलं, कहाणी वाचली आणि आपल्या पोरांना ओवाळलं. पोरं चार. तीन समोर होती. थोरला उरणजवळच्या मोऱ्याला मावशीकडे शाळेत होता. जे मूल जवळ नाही, त्याच्या दिशेला अक्षता टाकायच्या. मोरा पश्चिमेला, म्हणजे मागल्या दाराने. तिने मूठभर अक्षता अळवावरून फेकल्या आणि म्हणाली, "माय, जिथं असंल तिथं सुखी ठेव."

मग डबा घेऊन ती अळवात गेली, आणि तिसऱ्याच पानाखाली थबकली.

पानाच्या शिरेला एक अळी चिकटून होती आणि तिच्या पाठीवर अक्षता होत्या. पांढऱ्याशुभ्र, बारीक, उभ्या-आडव्या, तीस-चाळीस तरी. गुणाबाईला आधी हसूच आलं. मोऱ्याच्या लेकाला टाकलेल्या अक्षता या मेलीने पाठीवर झेलल्या! तिने एक दाणा चिमटीत धरून काढायला पाहिला. तो निघेना. तो तांदूळ नव्हताच. कापसासारखं काहीतरी विणलेलं होतं, आणि अळीच्या अंगाला घट्ट बिलगलं होतं. अळी जिवंत होती. बोट लावलं तर डोकं जरासं हलवायची, पण पळायची नाही.

पाठीवर, कडेवर, पोटाशी पिल्लंच पिल्लं. गुणाबाईने मागे वळून देवघराकडे पाहिलं, मग अळीकडे पाहिलं, आणि हातातला डबा आपोआप खाली गेला.

"आत्याबाय, जरा येता का हिकडं?"

सासूबाई आल्या. वाकल्या. बराच वेळ वाकूनच राहिल्या.

"बाई गं! लेकुरवाळी आहे ही!"

"आज शुक्रवार हाय."

"आजच कशाला, लेकुरवाळीला कधीच हात लावू नये. पण आज तर नाहीच नाही." असं म्हणून त्या आत गेल्या आणि हळदीकुंकवाचा करंडा घेऊन आल्या. अळीला कुंकू कुठे लावायचं हा प्रश्न होता. डोकं कुठलं आणि शेपूट कुठलं यावर सासूसुनांचं एकमत होईना. शेवटी पानालाच लावलं. "जिवतीला सोडली गं बाई तुला," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या वाटेला कोणी जाणार नाही."

दुपारपर्यंत ही बातमी आळीत फिरली. बायका पदर सावरत बघायला आल्या. कोणी दोन दुर्वा ठेवल्या, कोणी चण्याचे चार दाणे. आणि चार वाजता भामा आली.

भामा काशीरामची धाकटी बहीण. दिली होती पनवेलमध्येच, मासळीबाजाराच्या पलीकडे, त्यामुळे सासरी आणि माहेरी एकाच दिवशी भांडायची तिला सोय होती. तिने पानाखाली पाहिलं, मग कंबरेवर हात ठेवून वहिनीकडे पाहिलं.

"वहिनी, अळू कापायला ठेवलंय की बाळंतिणीची खोली केलीय?"

"असू दे वन्सं. पोटुशी-लेकुरवाळीला दुखवू नये."

"नाही, दुखवू नयेच. डिंकाचे लाडू करून आणू का हिला? शेक-शेगडीचं काय? एवढ्या चाळीस पोरांना अंगडी-टोपडी शिवायची म्हणजे दादाचं सगळं धोतर जायचं!"

आतून काशीरामचा आवाज आला, "धोतराला हात लावाल तर बघा!" आणि मग तो स्वतःच बाहेर आला. त्याने अळीकडे पाहिलं. लाकडातला किडा ओळखणारा माणूस, कपाळाला आठी घालून उभा राहिला. "मी गौरीला वडी मागितली होती. तू तर बारसं मांडलंस. ही चाळीस पोरं उद्या मोठी होतील, तेव्हा काय खातील? शेवग्याच्या शेंगा?"

हाच विचार गुणाबाईनेही दुपारपासून केला होता. पण सासूबाईंनी कुंकू लावलं होतं.

पुढच्या चार दिवसांत तिला, पहिली धरून, अशा सतरा अळ्या सापडल्या. प्रत्येकीच्या अंगावर पोरांचं लेंढार. बाकीच्या, म्हणजे नुसत्या सड्याफटिंग अळ्या, ती डब्यात टाकून हाजराच्या कोंबड्यांना देत होतीच. लेकुरवाळ्या मात्र तिने पानासकट हळूच उचलून अळवाच्या आतल्या बाजूला, सावलीत आणून ठेवल्या. त्यातही हाजराचा कोंबडा कुंपणाखालून शिरला आणि एक लेकुरवाळी पोरांसकट गिळून मोकळा झाला. सासूबाईंनी कुंपणाशी उभं राहून त्याला असे शाप दिले, की हाजराने त्याला दोन दिवस टोपलीखाली झाकला.

"तुझी सासू नुसती बोलली गं," हाजरा म्हणाली, "पण तो खरंच जेवेनासा झालाय."

काशीराम रोज संध्याकाळी हात धुताना मोठ्याने हिशेब करायचा. सोळा अळ्या, एकीची चाळीस. पुढे तो थांबायचा आणि नुसताच "हरि हरि" म्हणायचा. गुणाबाई दिवा लावताना म्हणायची, "जिवते, मी तुझी लेकरं राखतेय. तू माझं अळू राख. कसं राखायचं ते मला ठावं नाय, तुला ठावं असंल."

एक गोष्ट मात्र तिला खटकत होती. या बाळंतिणी काही खात नव्हत्या. तिने कोवळ्यातलं कोवळं पान तोंडाशी धरून पाहिलं. ढुंकून नाही. चार बाळंतपणं तिची स्वतःची झालेली. पहिल्या दिवसापासून तिला अशी भूक लागायची, की सासूबाई म्हणायच्या, पोर झालं की भस्म्या झाला? आणि ही बया चाळीस पोरं अंगावर घेऊन उपाशी? कुठेतरी पाणी मुरतंय असं तिला वाटलं.

तिने हाजराकडून मुरंब्याची काचेची बरणी मागून आणली. नवऱ्याने बोटीवरून आणलेली, हाजराच्या फार जिवाची.

"काय घालणार हिच्यात? लिंबाचं लोणचं?"

"बाळंतीण."

हाजराने कपाळावर हात मारला, पण बरणी दिली. गुणाबाईने पानासकट एक अळी आत ठेवली, तोंडाला मलमलीचं फडकं बांधलं आणि बरणी मागच्या पडवीत, उन्हापासून दूर ठेवली. पोरं कशी होतात, कशी चालतात, केवढी झाली की खायला लागतात, एवढं कळलं तरी पुढचं बघता येईल असं तिचं गणित.

दुसऱ्या गुरुवारी सकाळी ती बरणीकडे गेली आणि तिथूनच तिने हाक मारली, "हाजराबी! अगं हाजराबी, ये लवकर!"

हाजरा कुंपणाच्या फटीतून कशीबशी आली. दोघी बरणीवर वाकल्या. फडक्याच्या आतल्या बाजूला काळे-काळे ठिपके चालत होते. ठिपक्यांना पंख होते, बारीक कंबर होती आणि डोक्यावर केसासारख्या दोन मिशा सारख्या थरथरत होत्या. राईपेक्षा लहान गांधीलमाशी करायची म्हटली तर देव अशी करील. पांढऱ्या अक्षता अळीच्या पाठीवर होत्या तिथेच होत्या, पण प्रत्येकीचं टोक गोल कापलेलं आणि डबीचं झाकण उघडावं तसं उघडलेलं.

"ही पोरं?" हाजरा म्हणाली. "अळीला माश्या झाल्या?"

गुणाबाईने काडीने अळी हलवली. अळी हलली नाही. उचलून पाहिली तर तिला वजनच नव्हतं. हिंगाची रिकामी पिशवी असावी तशी. अंगावर जिथे जिथे अक्षता होत्या, तिथे तिथे बारीक काळे व्रण. आतून काहीतरी बाहेर पडल्याचे.

गुणाबाई पायरीवर बसली. सगळं तिला एकदम दिसलं. तिच्या डोळ्यांपुढे काशीरामचं लाकूड आलं. वरून साबूत आणि टकटक केलं की आतून पोकळ.

"हाजराबी, ही तिची पोरं नव्हतीच. कोणीतरी तिच्या आत ठेवून गेलं. आतल्या आत तिला खाल्लं, आणि पोट भरल्यावर बाहेर येऊन तिच्याच पाठीवर पाळणे बांधले."

"या अल्ला! म्हणजे भाडोत्री! घर खाऊन वर घरमालकिणीच्या डोक्यावर बसले!"

"आनि आमी तिला हळदीकुंकू लावलं."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, आणि आधी हाजराला फिस्सकन हसू आलं, मग गुणाबाईला. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आतून खानारी पोरं ती आपली नव्हं असं म्हनतात व्हय? माजी चार हायत. मला इचार."

नेमकी तेवढ्यात भामा आली. तिला काय झालं ते सांगावं लागलं. भामाने बरणी उचलून उजेडात धरली. तिचा चेहरा आधी पांढरा, मग तांबडा झाला. कारण सगळी थट्टा करूनही परवा येताना तिने कोणाला न सांगता त्या अळीच्या पानावर दोन दुर्वा ठेवल्या होत्या.

"खुनी मेले!" ती म्हणाली. "जिच्या जिवावर वाढले तिलाच! द्या ती बादली, अशी बुडवते!" आणि तिने बरणी पाण्याच्या बादलीवर धरलीदेखील.

"वन्सं, नको."

"अहो वहिनी, आता कसली लेकुरवाळी नि कसली पोरं? फसलात तुम्ही!"

गुणाबाई उठली. मनातून तिलाही त्या काळ्या ठिपक्यांची किळस आली होती. आई म्हणून जपलं आणि निघालं भलतंच. पण तिच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की होती. "फसले तर फसले. आत्याबायनी ह्यांना जिवतीच्या नावानं सोडलंय. खाडीत देवाला सोडलेला नारळ बरा नाय निघाला म्हणून आपन परत काढतो काय? दिलं ते दिलं. ते कसं हायत ते तिचं ती बघंल."

तिने भामाच्या हातातून बरणी घेतली, अळवात नेली आणि फडकं सोडलं. काळे ठिपके काठावर आले, मिशा हलवल्या, आणि एकेक करून उडाले. लांब गेले नाहीत. अळवातच शिरले.

"गेली तुमची भुतं," भामा म्हणाली. "आता बसा."

सासूबाईंना काय सांगायचं, हा पेच उरला. त्या तर आळीभर सांगत फिरल्या होत्या. संध्याकाळी त्यांनी स्वतःच विचारलं, "बरणीतल्या बाळंतिणीचं काय झालं गं?"

गुणाबाईने भाकरी थापता थापता सांगितलं, "पोरं मोठी झाली, आत्याबाय. उडून गेली."

"उडून? आणि आई?"

"आई ऱ्हायली मागं. फार थकली होती. गेली बिचारी."

सासूबाई ओसरीवर बसलेल्या काशीरामकडे बघत मोठ्याने म्हणाल्या, "पोरांचं असंच असतं."

काशीरामला आपण काय केलं ते कळलं नाही, पण त्याने उठून त्यांना पाण्याचा तांब्या भरून दिला.

दुसऱ्या आठवड्यात अळवावर नव्या अळ्या फुटल्या. सुतळीएवढ्या, कोवळ्या, खादाड. गौरीला अठरा दिवस होते. ती डबा घेऊन वेचत होती, तेवढ्यात एका पानाखाली तिला तो काळा ठिपका दिसला. राईएवढा. तो एका कोवळ्या अळीच्या मागे मागे चालत होता, मिशांनी तिला चाचपत होता. मग पापणी लवायच्या आत अळीच्या पाठीवर चढला, शेपूट टेकवली आणि बाजूला झाला. अळीने अंग झटकलं आणि पुन्हा खायला लागली. तिला काही झालंच नव्हतं.

गुणाबाई तशीच वाकून उभी राहिली. एका अळीमागून दुसरी, दुसरीमागून तिसरी. हळदीकुंकवाला आलेली बाई घरोघर जाते तशी ती बया पानोपानी जाऊन येत होती. गुणाबाईच्या डब्यात वेचलेल्या कोवळ्या अळ्या होत्या. तिने तो तिथेच पालथा घातला. त्यानंतर मोठ्या आणि माजलेल्या तेवढ्याच अळ्या तिने वेचल्या. या कोवळ्यांना हात लावला नाही.

त्या दिवशी तिने पहिल्यांदा काशीरामला हे सगळं सांगितलं. त्याने रंधा थांबवला.

"म्हणजे किड्याला कीड लागली?"

"व्हय."

"आणि ती कीड तू पाळलीस?"

"मी नाय. आत्याबायनी कुंकू लावलं, मी नुसती कोंबड्यांपासून राखली."

काशीरामने एका ओंडक्यावर उगीच टकटक केलं. "हं," तो म्हणाला. त्याचा "हं" म्हणजे दुसऱ्या माणसाची पाच वाक्यं. पण खुंट्या त्याने काढल्या नाहीत. पैज ती पैज.

बारा-तेरा दिवसांनी त्या अळ्या करंगळीएवढ्याही झाल्या नव्हत्या, तोच सुस्तावल्या आणि त्यांच्या पाठीवर अक्षता उमटल्या. तोवर त्यांनी पानांना भोकं पाडली होती, नाही असं नाही. पण देठांतून नवी पानं सुरळ्या सोडत वर येत होती आणि ती खायला कोणी उरलं नव्हतं.

गौरी आल्या. जेवणाच्या दिवशी सकाळी गुणाबाई विळा घेऊन अळवात गेली आणि भामा परडी घेऊन मागे. "हे भोकाचं पान," "हे पण भोकाचं," असं भामा दर पानाला पुकारत होती.

"भोकाचं फतफत्यात जाईल वन्सं, आखं वडीला ठेवा."

"आणि खाजलं तर?"

"चिंच दुप्पट घालीन. तुमच्या तोंडाला नाय लागनार."

फतफत्याचं मोठं पातेलं चढलं. चण्याची डाळ, शेंगदाणे, मुळा, चिंच-गूळ. वड्यांचे उंडे वाफेला लागले. चाळीसांची पंगत, आणि काशीरामने काय करावं? उरणहून चाक घ्यायला आलेल्या सहा गाडीवानांना त्याने ऐन वेळी ओसरीवर थांबवून घेतलं. "गौरीचं जेवण आहे, असे कसे जाल?" गुणाबाईने स्वैपाकघरातून त्याच्याकडे पाहिलं. त्याने छताकडे पाहिलं.

गाडीवान जेवले, ते गाडीवानांसारखे. "वैनी, अळू कुटलं हाय?" एकाने विचारलं.

"चिरनेरचं," गुणाबाई म्हणाली, आणि त्याच्या पानात आणखी दोन वड्या पडल्या.

पुरुषांची पंगत उठली, पोरं उठली, म्हाताऱ्या उठल्या. शेवटी राहिल्या वाढणाऱ्या दोघी, गुणाबाई आणि भामा. फतफतं दोन वाट्या निघालं. वड्यांच्या ताटलीत दोनच वड्या, त्या दोघींनी पानात वाढून घेतल्या. सासूबाई पाटावर येऊन बसल्या, मागे दारात काशीराम.

"पुरलं," सासूबाई म्हणाल्या.

"पुरलं म्हणजे आई, जेमतेम," काशीराम म्हणाला. "तळ दिसतोय. गौरीचं अन्न तळाला लागलं म्हणजे कमीच पडलं. पानात वाढून वर उरायला हवं."

हे त्याचं खरं होतं. त्या घरात तशी रीत होती. सणाच्या दिवशी भांडं पुसून जेवायचं नाही, भांड्यात काहीतरी शिल्लक राहिलंच पाहिजे. गुणाबाईने आपल्या वाटणीची वडी उचलून परत ताटलीत ठेवायला हात पुढे केला.

"राहू द्या," भामा म्हणाली. "तुम्ही दिवसभर उभ्या आहात. खा." आणि तिने आपली वडी पानातून उचलून ताटलीत ठेवली. वर फतफत्याची वाटी जशीच्या तशी पातेल्यात उपडी केली. "मला अळू चालत नाही. घसा खाजतो. सगळ्या पनवेलला माहीत आहे."

"भामे, मगाशी वाढता वाढता पाच वड्या कोणी खाल्ल्या?" काशीराम म्हणाला.

"म्हणूनच खाजतोय! उरलं की नाही? दिसतंय की नाही भांड्यात?" ती भावावर डोळे वटारून म्हणाली. मग वहिनीकडे न बघता, ताकाचा भुरका मारत पुटपुटली, "अळू गेलं तर मी रोज भांडायला यायचं कशावरून?"

काशीराम दारातून वळला. मागच्या अंगणात खुंट्या उपटल्याचे चार आवाज आले. मग दोरी गुंडाळत तो परत आला, ती खुंटीला अडकवली आणि म्हणाला, "पुढे रस्त्याच्या कडेला लावतो भट्टी. म्युन्सिपालटीवाल्याला एकदा वडी खायला घाला, म्हणजे ओरडणार नाही."

यानंतर आठ-नऊ वर्षांनी भामाचा मुलगा कमळाकर शेतकीचं शिक्षण घेऊन आला. तोवर हायवेवर ट्रकांची रांग लागायला लागली होती, चाकांची मागणी उतरली होती आणि सासूबाईही गेल्या होत्या. एका श्रावणात तो मामीच्या अळवात शिरला आणि ओरडतच बाहेर आला.

"मामी! तुला ठाऊक आहे का, या अळीवर ही पांढरी..."

"ठावं हाय."

"ही अंडी नाहीत हं. हे कोश आहेत. एक बारीक गांधीलमाशी असते, ती अळीच्या आत..."

"तिला आतनं खातात. मग बाहेर येऊन पाळणे बांधतात. राईएवढ्या असतात, मिशा हलवतात. तू पुस्तकात वाचलंस, मी बरणीत पाह्यलं."

कमळाकर आणखीच उत्साहाने म्हणाला, "त्यांचं केवढं मोठं कुळ आहे ठाऊक आहे? ब्रॅकोनिडी म्हणतात. हजारो जाती. प्रत्येकीची अळी ठरलेली."

"कुळ हाय व्हय?" गुणाबाई खुश झाली. "मग त्यांचं कुलदैवत जिवती. लिहून घे तुझ्या वहीत."

"आजी तर या अळीला लेकुरवाळी म्हणायची. तिला तू शेवटपर्यंत खरं सांगितलंच नाहीस?"

"सांगितलं की. पोरं मोठी झाली, उडून गेली. त्यात खोटं काय हाय?" तिने त्याच्या हातात डालड्याचा डबा दिला. "हे हाजराबीच्या कोंबड्यांना देऊन ये. आनि त्यातली अक्षतावाली एखादी आली असंल तर बघून काढ हां. ती माझी नाय, सोडलेली हाय."